राजकन्येचे न्हाणात औषध पडले त्याची हकिकत

ज्याने तान्ह्या जिवास श्वास दिधला त्या श्रींचे चरणी मस्तक ठेवून हे लेखन करिते. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी आम्हांस राजकन्या जाहली आणि इस्पितळातून राज्यात परतताना मालतीसिस्टर दारापर्यंत आल्या आणि बोलल्या, "बाळाच्या पाण्यात औषधं ओतत बसू नका हं. साधं कोमट पाणी, बास." आम्ही पदवीधर, मोबाइलवर रोज दहा लेख वाचणार, "हो हो" म्हटले आणि रिक्षात बसून सासूबाईंस, म्हणजे राजमातेस, बोललो, "यांना काय जातंय सांगायला? आपल्या घरात जंतू शिरला म्हणजे?" राजमातेने मान डोलविली.

मग राज्यात जंतूंविरुद्ध मोहीम मांडिली आणि तपकिरी जंतुनाशकाची थोरली बाटली आणविली. ते पाण्यात पडताच पाणी दुधासारखे पांढरे होई. फरशी त्यानेच पुसावी, दुपटी त्यातच भिजवावी, आणि घरभर तोच वास भरून आमची नाके त्यास सरावली. आणखी या राज्याची चाल ऐसी की कांतीसाठी तान्ह्याचे न्हाणाचे पाण्यात वाटीभर दूध घालावे.

अठरावे दिवशी न्हाणातही दोन टोपणे घालावी ऐसे घरात ठरले, कोणी घालावी ते ठरले नाही. एकोणिसावे दिवशी आम्ही बादलीत दोन टोपणे औषध ओतिले आणि टॉवेल आणावयास गेलो. मग राजमाता आल्या, पाणी पांढरे पाहून समजल्या की सूनबाईंनी दूध घातले, आणि आपली दोन टोपणे ओतिली. मग मालिशीच्या द्वारकामावशी आल्या, "आज दूध सढळ घातलंय गं बाई!" म्हणोन हासल्या, आणि आणखी दोन ओतून राजकन्येस पायांवर घेतले. पहिलाच तांब्या पडला आणि लेकराने किंकाळी फोडिली. "रडू दे गं राणी, छाती मोकळी होते," मावशी बोलल्या. आणि आम्ही दारात उभे राहून ऐकिले. आणि दुसरा तांब्या पडला, आणि तिसरा. मग अंग टिपावयास घेतले तो मानेच्या घडीतली कातडी सुटून टॉवेलास आली, आणि डोळे सुजून मिटले ते उघडेनात.

इस्पितळात डॉक्टरांनी डोळे धूत विचारिले, "पाण्यात काय घातलं होतं?"

तिघी एकदम बोललो, "दोन टोपणं."

"तूपण?" राजमाता म्हणाल्या. "मग ते दूध?"

"दूध आज घातलंच नव्हतं, आई."

"तिघी एका घरात, आणि एकीनं दुसरीला विचारू नये?" डॉक्टर बोलले.

तीन दिवस लेकरास दिसेल की नाही हे कोणी सांगेना. चौथे दिवशी डावा डोळा उघडला, सायंकाळी उजवा, आणि दृष्टी शाबूत आहे ऐसे डॉक्टर बोलले. मानेचा व्रण अद्याप ओला आहे.

एकंदर हकिकत इतकीच: ज्या शत्रूसाठी मोहीम मांडिली तो कोठे दृष्टीस पडला नाही, आणि लेकराचे अंगावर जो घाव आहे तो आमच्या हातचा आहे. वाचणारांस विनंती, आपले बहिणीकडे, भाचीकडे, शेजारी तान्हे असेल तर आजच जावे आणि न्हाणाचे पाण्यात काय घालता ते पुसावे. एकीस पुसून परतू नये, घरात जितक्या बाया तितक्या जणींस पुसावे.