दोनशे चोवीस ग्रॅम चुना

रसायनशास्त्रातलं गणित मला चुकवायचं म्हटलं तरी चुकवता येत नाही, असं मी पांढुर्ण्यात अकरावीच्या पोरांना बारा वर्षं ऐकवत आलोय. मोल म्हटलं की पोरं माना खाली घालतात. मी समीकरण मांडतो आणि उत्तर मुकाट्यानं समोर येऊन बसतं.

असा मी रामाकोन्याला सासुरवाडीत गेलो, तर सासरे भगवंतराव संत्र्यांवर बुरशीसाठी मारायचं बोर्डो मिश्रण करत होते. शंभर लिटर पाणी, एक किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट, आणि एक किलो चुना.

"मामाजी, एवढा चुना काहाले?" मी गोठ्याच्या भिंतीवर खडूनं समीकरण लिहिलं. अडीचशे ग्रॅम मोरचुदाला छप्पन्न ग्रॅम चुना पुरतो. म्हणजे किलोला दोनशे चोवीस. बाकीचा निव्वळ वाया!

मामाजींनी समीकरण वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझी बायको अनुराधा त्यांच्याकडे पाहू लागली. मला वाटलं, दोघंही दिपले.

"तुमी म्हंता तं तसंच करू जी," शेवटी मामाजी म्हणाले.

चुना मी स्वतः तोलला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर. पिंपातलं मिश्रण छान निळं झालं. मी पंप भरायला घेणार, तोच मामाजींनी हाक दिली, "कलाबाई, जरा इकडं ये वो."

कलाबाई वीस वर्षांपासून या बागेत कामाला. तिनं भिंतीकडे पाहिलंच नाही. हातातला विळा पिंपात बुडवला, जरा थांबली आणि वर काढला. पातं तांबडं झालेलं.

"जावईबापू, चुना कमी पडून राह्यला. तांबं सुटं हाये. हे मारलं तं पानं करपतीन, फळं गळतीन."

फळं नुकती बोराएवढी झाली होती. दोनशे झाडं, साऱ्या घराचं वर्ष त्यांच्यावर. मी पंप खाली ठेवला.

"पण समीकरण तं बरोबर हाये," मी पुटपुटलो.

"असंन जी. पोतं मांगच्या पावसाळ्यापासून उघडं हाये. हवेनं मेला तो चुना."

शुद्धतेचं प्रमाण! ते विसरलं म्हणून मी दरवर्षी पोरांचे दोन-दोन गुण कापतो.

मग मूठमूठ चुना पडत गेला आणि दर मुठीला विळा बुडत गेला. पातं कोरं निघालं, तेव्हा किलोतला जेमतेम मूठभर चुना उरला होता. मी कलाबाईला हात जोडले. इतके मनापासून आभार मी आयुष्यात कुणाचे मानले नाहीत, माझ्या परीक्षकांचेसुद्धा नाहीत. ती लाजून पंप भरायला निघून गेली.

"मामाजी, तुमाले आधीच समजलं होतं?"

"हो जी."

"मंग बोलले काऊन नाही?"

"जावयाले कोन बोलते? म्हून तं तिले आवाज देला."

"अन् ते कामावर नसती आली तं?"

मामाजींनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे केला.

"तं बांधाकडची ओळ तुमच्या हातानं मारून घेतली असती. ते झाडं वाळले हायेत, सोमवारी तोडाचेच हायेत."