अकरा झाडांचा बाप

किन्हवलीच्या पुढे कोसभरावर गुणाबाईच्या गोठ्यामागे भांगेची अकरा झाडं उभी होती, आणि त्यांपैकी एकालाही बाप नाही, ही गंभीर बाब सन एकोणीसशे अडतीसच्या श्रावणात सरकारच्या निदर्शनास आली.

तोवर त्या झाडांना बाप असावा असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यांचं काम ठरलेलं होतं. चिखलणीत राबून एखाद्या बैलाने रवंथ सोडला आणि मान टाकली, की त्याचा धनी गुणाबाईच्या दारात यायचा. ती चार पानं वाटून गुळात गोळी वळायची, बैलाचा जबडा स्वतःच्या हाताने उघडून घशात सोडायची, आणि दिवस मावळायच्या आत बैल गवताला तोंड लावायचा. चार गावांत तिच्या गोळीला मान होता. गोळीला म्हणजे गुणाबाईला, हे ज्याला कळत नसे त्याच्या बैलाला गोळी जरा उशिरा मिळे.

बी तिच्या सासूचं. सासूने मरताना दागिना एकही दिला नाही, बियाण्याचं गाडगं तेवढं हातात ठेवलं आणि रीत सांगितली. भांगेत नर वेगळा, मादी वेगळी. मोहोर धरायच्या आधी नर ओळखायचे, त्यांतला एकच बुटका, जाड बुंध्याचा नवरदेव म्हणून राखायचा, त्याला हळदीचा दोरा बांधायचा आणि बाकीचे मुळासकट उपटायचे. पान आईवर जातं, गुण बापावर, हा गुणाबाईचा सिद्धांत होता. लांबोड्या नराची पोरं बैलाला गुंगी आणतात, भूक आणत नाहीत, हे तिने वीस वर्षं पाहिलं होतं. खाण तशी माती असं कुणी म्हणालं, की ती सांगायची, "त्याने सासू बघितली असंल, सासऱ्याशी गाठ पडली नसंल."

बापाची ही परीक्षा तिने झाडांपुरती ठेवली असती तर बरं झालं असतं. पण आषाढात खालच्या पाड्यातली राही आपल्या चंदासाठी गुणाबाईच्या धाकट्याला, अनंताला, विचारायला आली. राही अठरा वर्षांपूर्वी धसईकडून तान्ही पोर पाठीशी बांधून आली होती. नवऱ्याचं नाव तिने सांगितलं नाही आणि पाड्यानेही दोन-तीन वर्षांनी विचारायचं सोडून दिलं. चंदा मोठी झाली. लावणीला उतरली की तिच्या बरोबरच्या पोरींची अर्धी ओळ व्हायच्या आत तिची बांधाला लागायची. अनंता लावणीच्या दिवसांत तिच्याच बाजूच्या बांधावर का घुटमळतो, हे बैलांनाही माहीत होतं. गुणाबाईने राहीला अंगणातच उभं ठेवलं आणि चार बायकांदेखत सांगितलं, "बाप दाखव, नायतर श्राद्ध कर." राही रिकामी पाटी उचलून निघून गेली. अनंता त्या दिवसापासून आईशी बोलेना. घरात शांतता झाली हे बरंच झालं, असं गुणाबाई शेजारणींना सांगत असे.

एक गोष्ट मात्र तिने कुणालाच सांगितली नव्हती. मागल्या भादव्यात तिचा नवरदेव, हळदीच्या दोऱ्यासकट, शेळीने खाल्ला होता. अजून त्याला मोहोर फुटायचा होता, आणि बाकीचे नर तिने आधीच उपटले होते. तरीही मार्गशीर्षात माद्यांना बी धरलं. गुणाबाई त्यांच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि दबक्या आवाजात तिने विचारलं, "कुणाचं गो?" माद्या काही बोलल्या नाहीत. बी तिने गाडग्यात भरलं आणि पावसाच्या तोंडावर सगळंच्या सगळं पेरलं. उगवलेली अकराच्या अकरा झाडं उंच झाली, त्यांचे बुंधे तांबूस झाले, आणि गुणाबाईने ते न दिसल्यासारखं केलं.

आता सरकारचं. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या शिवेवर एका कौलारू घरात दोन वर्षांपूर्वी कुलशोधन कचेरी उघडली होती. भांग औषधाची, ती ठेवायला मुभा; गांजा नशेचा, त्याला बंदी; आणि झाड एकच. झाडाकडे पाहून फरक कळत नाही, तेव्हा त्याच्या कुळाकडे पाहावं, असा शोध खात्याने लावला होता. आई आणि बाप दोघंही गुरांच्या औषधाच्या कुळातले असतील तर झाड जगेल, नाहीतर मोहोरायच्या आत जाळण्यात येईल. कचेरीत टिपणीस नावाचे कारकून आणि राघो शिपाई असे दोघे होते. जप्त मालाचे नमुने रोज तिसऱ्या प्रहरी तपासले जात, आणि तपासणी झाली की कचेरी संध्याकाळपर्यंत अतिशय शांत असे. पाणी भरायला राही होती.

राघो समन्स घेऊन आला. गुणाबाई इरकली नेसून, नाकात नथ घालून, न बोलणाऱ्या अनंताला सोबत घेऊन कचेरीत गेली. टिपणीसांनी फॉर्म पुढे ओढला.

"आईचं नाव?"

"भांग."

"मातेचं वास्तव्य?"

"माझा गोठा."

"वडील?"

"वारले," गुणाबाई म्हणाली. "मागल्या भादव्यात."

"मृत्यूचं कारण?"

"शेळी."

टिपणीसांनी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. मग बोटं मोजली, आणि पुन्हा मोजली. वडील भादव्यात, मोहोरण्यापूर्वीच मयत, संतती मार्गशीर्षात. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि शेरा लिहिला : मातेचं वर्तन संशयास्पद.

अनंताने तो शेरा मोठ्याने वाचून दाखवला. महिन्याभरात तो आईपुढे प्रथमच बोलला, तो हे. गुणाबाईची नथ हलली. तिचा नवरा पटकीने गेला तेव्हा हा अनंता पोटात होता, आणि बापाच्या मागून तीन महिन्यांनी जन्मला. तेव्हा ज्या बाईने बोटं मोजली होती तिच्या दारात गुणाबाई आजतागायत पाणी पीत नव्हती.

"रावसाहेब," ती म्हणाली, "बोटं मोजायची तर घरी जाऊन आपली मोजा."

टिपणीसांनी हेही लिहून घेतलं. ते वाईट मनुष्य नव्हते. रकाना रिकामा राहिला की त्यांना रात्री झोप लागत नसे, एवढंच. त्यांनी कलम सात काढलं. नराची धूळ वाऱ्यावर येते. त्या ऋतूत वारा मुरबाडच्या अंगाने वाहतो. सबब वडील मुरबाड तालुक्यातले असण्याचा संभव आहे. धसईच्या पाटलांकडून तसा दाखला आणावा.

बाजाराच्या दिवशी गुणाबाई अनंतासह, एक फांदी पदराखाली धरून, बैलगाडीने धसईला गेली. पाटलांनी फांदी दुरूनच पाहिली आणि दाखला दिला : या गावच्या हद्दीत नर भांग नाही, पूर्वीही नव्हती, आणि असती तर ती असल्या वर्तनाची नसती.

टिपणीसांनी दाखला दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. शहापुरात बाप नाही. मुरबाडात बाप नाही. दोन्ही तालुक्यांत बाप नसताना संतती होत नाही, हे कोणत्याही सुशिक्षित माणसाला मान्य व्हावं. "म्हणजे बाई, ही झाडं जन्मलीच नाहीत, हे आता सिद्ध झालं."

"मग सुटलो आमी."

"नाही. न जन्मलेली झाडं उभी राहणं हा वेगळा गुन्हा आहे." सोमवारी सकाळी राघो येईल, अकराही उपटील, आणि पंचांसमक्ष जाळील, असं त्यांनी सांगितलं आणि दौतीचं झाकण लावलं.

भादवा सरत आला होता. गाडग्यात एक दाणा शिल्लक नव्हता. सासूचं बी म्हणजे ती अकरा झाडं, आणि सोमवारनंतर गुणाबाई म्हणजे एक म्हातारी बाई, जिच्या दारात कुणाचा बैल यायचं कारण नाही. ती कधी कुणापुढे वाकली नव्हती. आताही वाकली नाही, पण तिचा आवाज वाकला.

"रावसाहेब, बाप कोण ते मला नाय ठाव. खरं तेच सांगते. पण पोर समोर उभं हाय ना? त्याला बघा. पान बघा, बुंधा बघा. बापाचं नाव नाय म्हणून पोर काय अर्धं उगवतं?"

दारात पाण्याचा आवाज थांबला. राही माठात हंडा ओतत होती, ती हंडा तसाच तिरपा धरून उभी राहिली. गुणाबाईने तिला पाहिलं आणि मान भिंतीकडे फिरवली. टिपणीसांनी जबानी शब्दशः उतरवली, अंगठा घेतला, आणि जबानीत वडिलांचं नाव नसल्यामुळे ती विचारात घेता येत नाही असा शेरा मारला.

ती ओटी उतरत होती तेव्हा राही हंडा घासता घासता, वर न बघता म्हणाली, "गुणाबाय, जाण्याआधी मागल्या परसात फिरून ये. दोन वर्सं झाली, सांडपाणी मी तिथंच ओतते."

गुणाबाई कचेरीच्या मागे गेली आणि थबकली. नमुन्यांची तपासणी करताना बी चिलमीत तडतडतं, म्हणून राघो ते निवडून खिडकीबाहेर टाकत असे. दोन वर्षांचं बी, राहीचं पाणी. माणसाहून उंच असं रान माजलं होतं. लांबोडे नर, तांबूस बुंधे, पानांच्या कडा किंचित आत वळलेल्या. तिने एक पान चुरगळलं, हुंगलं. गोठ्यामागे गेले दोन महिने ज्या वासाला तिने ओळख दिली नव्हती, तोच. आणि वारा तिच्या घराकडेच वाहत होता.

त्यांतला सगळ्यांत उंच नर तिने मुळासकट उपटला, खांद्यावर घेतला, कचेरीत गेली आणि टिपणीसांच्या मेजावर आडवा ठेवला. मुळांची माती फॉर्मवर सांडली.

"घ्या," गुणाबाई म्हणाली. "वडील आले."

अनंताने धसईला नेलेली गोठ्यामागची फांदी शेजारी ठेवली. चेहरेपट्टी इतकी मिळतीजुळती होती, की नाकारायला वकील लागला असता. राघो आढ्याकडे बघू लागला. टिपणीसांनी फॉर्मवरची माती झटकली. मग त्यांनी प्रकरण तिसऱ्या प्रहरापर्यंत राखून ठेवलं, नमुने तपासले, आणि तपासणीनंतर शांत चित्ताने, थोडं हसतसुद्धा, रकाना भरला : वडील हयात. वास्तव्य सरकारी आवार. धंदा सरकारी नोकरी.

अकरा झाडांना त्याच आठवड्यात कुंपण मिळालं. मातेच्या वर्तनावरचा शेरा लाल शाईने खोडण्यात आला.

कार्तिकात मळणी सुरू झाली आणि नव्या झाडांच्या गोळ्या बैलांना मिळाल्या. गोळी घेतलेला बैल उन्हं चांगली वर आल्यावर खळ्यात यायचा, तिवड्याच्या खांबाभोवती दोन फेरे घ्यायचा आणि बसायचा. मारून, ओढून, शेपूट पिळून उठायचा नाही. संध्याकाळ झाली की मात्र आपणहून उठून, कुणाची वाट न बघता, तरातरा घरी जायचा. गुण बापावर जातो हे गुणाबाईला माहीत होतं. आपली गोळी बिघडली, हेही तिला पहिल्याच बैलात कळलं होतं. पण तक्रार घेऊन कुणी आलंच नाही. लोक बसलेल्या बैलाकडे बोट दाखवून आदराने सांगत, "बाप सरकारी नोकरीत हाय." दूरदूरून बियाला मागणी आली. धसईच्या पाटलांनी मूठभर मागवलं आणि निरोप धाडला, की वडिलांचं मूळ गाव बहुतेक धसईच असावं. गुणाबाई खरं ओठांवर न आणता, बी धरलं की मूठमूठ द्यायचं कबूल करत राहिली. मान पूर्वी चार गावांत होता, आता दोन तालुक्यांत झाला.

तुळशीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी राही अंगणात आली. याही वेळी चार बायका होत्या.

"गुणाबाय, चंदाच्या बापाचं कळलं."

"काय कळलं?"

"सरकारी नोकरीत होता."

गुणाबाईने तिच्याकडे पाहिलं. हे वाक्य कुठल्या मेजावर, कुठल्या शाईने तयार होतं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते पाहायला आपल्याला परसात कुणी धाडलं तेही ती विसरली नव्हती. राहीने नजर खाली घेतली नाही. ओटीवर अनंता दोरी वळत होता, त्याचे हात थांबले.

"मग हे आषाढात का नाय सांगितलंस गो?"

"आषाढात ते कसं लिवतात ते मला ठाव नव्हतं."

गुणाबाई आत गेली आणि पाट घेऊन बाहेर आली. तो तिने स्वतःच्या पदराने पुसून राहीपुढे मांडला. चार बायकांपैकी कुणीही काही विचारलं नाही. सरकारी बाबतीत विचारण्यासारखं काय असतं?

माघात लग्न लागलं. टिपणीस आले, दोनदा पंगतीला बसले. चंदा दिसायला नीटस, कामाला वाघीण, पण त्याबद्दल मांडवात कुणी बोललं नाही. पोरीला नाक मात्र बापाचं आलंय, यावर, तो बाप एकानेही पाहिलेला नसताना, दोन्ही तालुक्यांचं एकमत झालं.

ही गोष्ट सांगितली की इथवर ऐकून सगळे त्या वऱ्हाडींना हसतात. पोट धरून हसतात, डोळे पुसतात. मग जरा पुढे सरकून, आवाज खाली आणून, प्रत्येक जण एकच विचारतो, आणि तुमच्याही ओठांवर आता तेच आहे : पण खरंच, कुठल्या खात्यात होता?