बारा डावांत एक दिवस

१९३४ सालची आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया. अमळनेरात नानांच्या ओसरीवर आम्ही तिघं: नाना, साक्रीकडचे त्यांचे व्याही धनजीभाऊ आणि शेजारी म्हणून मी. पणाला आठ दिवस. नानांची एकुलती एक लेक सरू सणाला माहेरी आली होती, तिच्या मुक्कामाचे.

नाना गणिताचे निवृत्त मास्तर, बायको वारलेली. आखाजीला सगळा खानदेश जुगार खेळतो. नाना तो वर्षभर गणितासारखा सोडवत बसत. उजवा हात डाव्याशी खेळे आणि पाटीवर बेरीज-वजाबाकी चाले. "एकाचं वाढलं की दुसऱ्याचं तेवढंच घटतं," ते सांगत. "म्हणून हात बोलका नको. आपण काय दाखवणार, ते आपल्यालासुद्धा आधी कळता कामा नये."

खेळ साधा. दोघांनी एकदम एक किंवा दोन बोटं दाखवायची. बेरीज तीन झाली तर सरूच्या मुक्कामात तीन दिवसांची भर. दोन किंवा चार झाली तर व्याह्यांनी तितके दिवस कापायचे. डाव बारा, काय ते शेवटी धरायचं.

"चार मोठा का तीन?" धनजीभाऊ हसले. "मी ते दोनच टाकसू."

नाना मात्र प्रत्येक डावाआधी थैलीत हात घालून एक चिंचोका काढून, मुठीआड बघून बाजूला पालथा ठेवत. बारांपैकी पाचांवर खडूची खूण. खुणेचा निघाला की दोन बोटं, कोरा निघाला की एक.

"थैलीमा देव शे का, नाना?"

"सात आणि पाच आहेत," नाना गंभीरपणे म्हणाले.

पहिले दोन खुणेचेच निघाले. आठही दिवस गेले. दारात उभी असलेली सरू आत जाऊन लुगडी आवरू लागली. पुढच्या दोन डावांत सहा परत आले. धनजीभाऊ हट्टानं दोनच दाखवत होते. ते पाणी प्यायला उठले तसा मी कुजबुजलो, "नाना, थैली ठेवा. एकच बोट दाखवत चला. आठ डावांचे चोवीस येतील!"

"दिसतंय मला. पण चोवीस दिवस त्यांचे गेले, तर तो राग कुणाच्या ताटात वाढला जाईल?" नाना थैलीकडे बघत म्हणाले. "मला एकच दिवस जास्तीचा हवाय. मागून घेतला असता तर तिला सासरी वर्षभर ऐकवलं असतं. आखाजीत हरलेलं कुणी बोलून दाखवत नाही."

थैली चालू राहिली. बाराव्या डावाअखेर मी मांडलं: सात डाव जिंकून एकवीस, पाच हरून वीस.

धनजीभाऊ पोट धरून हसले. "वरीसभर पाटी घासीसन एकच दिन! ल्या, दिधा!"

तो नववा दिवस व्याह्यांनी दिला आणि सरूला पोचला. सासरी रोज पहाटे जात्यावर बसणारी ती त्या दिवशी दुपारच्या जेवणालाही उठली नाही, गाढ झोपूनच होती. नाना उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हातानंच गप्प करत होते.