अकराची गाडी

आमच्या कॉलेज रेडिओवर बाकी सगळ्यांच्या कार्यक्रमात गाणी लागत. चौगुले काकांच्या कार्यक्रमात ती सुटत.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. अकरा वाजून चौदा मिनिटांनी सुटणारे भावगीत फलाट क्रमांक दोनवर उभे आहे. कुणीही जागा सोडू नये." एवढं म्हणून काका काचेपलीकडच्या इरफानकडं बघून मान हलवायचे आणि इरफान गाणं सोडायचा. ऐकणाऱ्यांना ते कधी श्रोते म्हणाले नाहीत. ऐकणारे म्हणजे प्रवासी.

काकांचं वय साठ. एका तालुक्याच्या स्टँडवर तीस वर्षं कंट्रोलर होते. चौकशीच्या खिडकीमागं बसून माइकवरून गाड्या पुकारायच्या, हेच काम. आणि आता ते बी.ए. भाग एकचे विद्यार्थी होते. गळ्यात ओळखपत्र, खिशात दोन पेनं, मनगटावर डायल आतल्या बाजूला करून बांधलेलं घड्याळ.

आमचं रेडिओ केंद्र म्हणजे लायब्ररीच्या वर दोन खोल्या. एकीत माइक, दुसरीत मशिनरी, मध्ये काच. सगळा कारभार विद्यार्थ्यांचा. आवाज इकडं कळंब्यापर्यंत आणि तिकडं उचगावापर्यंत जायचा, हवा बरी असली तर थोडा पुढंही. मी शेवटच्या वर्षाला होते आणि केंद्राची प्रमुख होते. इरफान मशीन सांभाळायचा.

काका पहिल्यांदा आले ते बाहेरचे म्हणून. दारात उभे राहून म्हणाले, "मला घोषणा करायच्या हाईत."

मी नियम सांगितला. माइकवर फक्त कॉलेजचे विद्यार्थी.

"मग इद्यार्थी कसं व्हायचं?"

मी गमतीनं म्हटलं, "खाली खिडकीत फॉर्म मिळतोय, काका." ते खाली गेले आणि रांगेत उभे राहिले. आठव्या दिवशी गळ्यात ओळखपत्र घालून परत आले आणि म्हणाले, "झालो. आता ड्युटी सांगा, म्याडम."

माझ्यापेक्षा एकोणचाळीस वर्षांनी मोठा माणूस मला म्याडम म्हणायचा आणि आत येताना उभ्यानं परवानगी मागायचा. मागणं मात्र एकच आणि त्यात तडजोड नाही. रोज अकरा ते बारा, आणि थेट. मी एकदा सुचवलं की आठवड्याचं एकदम रेकॉर्ड करून ठेवू.

"रेकॉर्डिंग चालत न्हाय," काका म्हणाले. "गाडीचा फोटो काढून माणूस गावाला जातोय व्हय?"

त्या तासात परीक्षेच्या तारखा, बाजारभाव, हरवलं-सापडलं आणि गाणी असत. त्यांच्या तोंडी सगळ्याची गाडी व्हायची. कांदा वधारला तर तो "वेळेआधी धावत आहे". परीक्षा पुढं गेली तर ती "तांत्रिक कारणामुळे उशिरा सुटेल". माइकवर ही असली कडक इस्त्रीची भाषा, आणि माइक बंद झाला की लगेच, "इरफान, च्या सांग की रं."

शांततेशी त्यांचं वैर होतं. एकदा त्यांच्याच तासात मी तत्त्वज्ञानाच्या सरांची मुलाखत घेत होते. विचारलं, सुख म्हणजे काय? सरांनी डोळे मिटले. तिसऱ्या सेकंदाला काका माझ्या खांद्यावरून माइककडं वाकले आणि म्हणाले, "सर विचार करीत आहेत. उत्तर यायला थोडा विलंब होण्याची शक्यता आहे. कुणीही जागा सोडू नये." त्यानंतर सर आमचा जिना चढले नाहीत.

मी रागावले. "काका, दोन सेकंद शांतता असू दे की."

"शांत झालं की माणूस उठतंय, म्याडम. गाडी गेली वाटतंय त्याला."

हॉस्टेलची मुलं काकांच्या नकला करायची. कँटीनमध्ये भज्यांचं ताट आलं की कुणीतरी ओरडायचं, प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. मलाही हसू यायचं, पण आतून वैताग होता. वर्षभर घासून आम्ही केंद्र उभं केलं होतं आणि गावात त्याचं नाव पडलं होतं 'स्टँड'.

त्या वर्षी कॉलेज तपासायला बाहेरून समिती येणार होती. रेडिओ बघायला ती दुपारी दोनला यायची होती आणि त्यासाठी मी महिनाभर खपून एक कार्यक्रम तयार केला होता, कुस्ती खेळणाऱ्या मुलींवरचा. तालमीत पहाटे जाऊन आवाज घेतले होते. एवढं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं.

साडेदहाला प्राचार्यांचा फोन आला. समिती दोनला नाही, अकराला येतेय.

पावणेअकराला काका जिना चढून आले तेव्हा मी वायरी आवरत होते. मान वर न करता म्हटलं, "काका, आज तुमचा तास नाही. अकराला माझं रेकॉर्डिंग लागणार आहे."

ते दारातच थांबले. "रद्द?"

"एक दिवस फक्त."

"उशिरा सोडा, म्याडम. पंधरा मिन्टांचीच करा. पर रद्द करू नगा."

"समिती येतेय, काका. त्यांच्यापुढं फलाट क्रमांक दोन नको."

"मग अधनंमधनं दोन घोषणा तरी करू द्या. त्याचं काय हाय, घरात जरा..."

"घरचं नंतर सांगा हो. आत्ता खरंच वेळ नाही."

त्यांनी मनगट वळवलं. घड्याळ बघितलं. "बरं," म्हणाले आणि वळले. जिन्यावरून त्यांच्या पळण्याचा आवाज आला. साठीचा माणूस दोन-दोन पायऱ्या का उतरतोय, असं मला वाटलं नाही. सुटले, एवढंच वाटलं.

अकराला समिती आली. तिघंजण, सोबत प्राचार्य. कार्यक्रम सुरू झाला. समितीतल्या एक वयस्क मॅडम हेडफोन लावून डोळे मिटून ऐकत होत्या आणि मध्येच मान डोलवत होत्या. सगळं बरं चाललं होतं.

अकरा पंचवीसला दार उघडलं. काका. शर्ट भिजून अंगाला चिकटलेला, ओळखपत्र पाठीवर गेलेलं.

"म्याडम, मायक पायजे."

प्राचार्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काकांना दंडाला धरून बाहेर काढलं. "काका, आत समिती..."

"आमची मालकीण घरातनं गेलीया."

मला काही कळेना. ते भराभर बोलले, भिंतीला हात लावून. मंगळवार पेठेत घर, घरात दोघंच. तीन वर्षांपासून काकूंना विसर पडत चाललाय. ते स्टँडवर होते तेव्हा त्या रोज अकराला डबा घेऊन निघायच्या, बाकावर बसून त्यांच्या घोषणा ऐकायच्या आणि काम सुटलं की दोघं जेवायचे. बाकी सगळं गेलं, अकराला निघायचं तेवढं राहिलं. घड्याळात अकरा वाजले की डबा उचलतात आणि दाराबाहेर पडतात.

"रेडिओवर माझा आवाज आला की बसती. गाड्या पुकाराय लागल्यात म्हणजे साहेब ड्युटीवर हाईत, आपण बसायचं, एवढं तिला कळतंय. बारा वाजता सुटून मी घरी पोचतोय तवर शेजारीण बसती जवळ."

"मग रेकॉर्डिंग ठेवायचं की घरी."

"ठेवलंतं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ही गाडी काल गेली. आन् उठली."

"दार लावून..."

"कोंडून ठेवाय ती काय म्हस हाय, म्याडम?"

बाकीचं त्यांनी धापा टाकत सांगितलं. जिना उतरता उतरता शेजारणीला लावलेला फोन लागला नाही. ती आज बाजाराला गेली होती. काका घरी पोचले तेव्हा दार उघडं होतं आणि रेडिओवर कुस्ती चालली होती. शेजारणीचा नवरा पोलीस चौकीत गेला होता.

"मग तुम्हीही शोधायला जा ना, काका. मी येते बरोबर."

"कुठल्या रस्त्यानं जाऊ? मी एका रस्त्यानं गेलो तर ती दुसऱ्या रस्त्याला असंल. आवाज समद्या रस्त्यांनी जातोय."

मी आत गेले. माझ्या कार्यक्रमात कागलची एक मुलगी पहिल्या हरलेल्या कुस्तीबद्दल सांगत होती. मला सगळ्यात आवडलेला तुकडा तो.

"इरफान, बंद कर."

"आत्ता?" त्यानं प्राचार्यांकडं बघितलं.

"बंद कर आणि माइक दे."

काका खुर्चीत बसले. आवाजात कापरं असेल असं वाटलं होतं. नव्हतं. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. शालन निवास चौगुले, वय वर्षे सत्तावन्न, अंगावर पोपटी पातळ, हातात तीन खणी डबा, मंगळवार पेठ येथून निघाल्या आहेत. दुकानदार बंधूंनी आपले रेडिओ रस्त्याकडे तोंड करून मोठ्याने लावावेत. ज्यांच्या मोबाईलवर रेडिओ आहे त्यांनी स्पीकर चालू करावा. शालनबाई दिसल्यास त्यांना हात धरून ओढू नये. शेजारी बसावे." मग केंद्राचा फोन नंबर सांगितला आणि श्वासही न घेता पुढं चालू केलं. "गारगोटीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे."

गाणं नाही, बाजारभाव नाही. तोंडपाठ वेळापत्रक. मुरगूड, निपाणी, गडहिंग्लज, आजरा, चंदगड. कुठली व्हाया कुठून, कुठली जलद, कुठली मुक्कामी. प्राचार्य उभेच राहिले होते. समितीच्या मॅडमनी हेडफोन काढून ठेवला, खाली गेल्या आणि गाडीची चारी दारं उघडून रेडिओ मोठ्यानं लावला. खिडकीतून मला दिसत होतं.

इरफान फोन घेत होता. उचगावातून एकानं कळवलं, पोपटी पातळ, डबा, बसस्टॉपवर. पाच मिनिटांनी त्याचाच फोन आला. त्या बाई वेगळ्या निघाल्या आणि त्यांनी त्याला चार माणसांत झापलं होतं.

पावणेबारा. बारा. काकांचा घसा बसत चालला. मी पाण्याचा पेला पुढं केला. त्यांनी नुसती मान हलवली. घोट घ्यायचा तर तीन सेकंद थांबावं लागलं असतं.

बारा दहाला कळंबा रस्त्यावरच्या एका पंक्चरवाल्याचा फोन आला. इरफाननं स्पीकर लावला. "एक मावशी आमच्या पायरीवर बसल्यात, डबा घिऊन. नाव इचारलं तर म्हणत्यात, गप, गाडी लागाय लागलीया."

काचेपलीकडून मी काकांना अंगठा दाखवला. त्यांनी डोळे मिटले. बोलणं थांबलं नाही. मी हातानंच विचारलं, येताय? त्यांनी माइककडं बोट केलं आणि माझ्याकडं बोट केलं. तेव्हा ध्यानात आलं. ते उठले तर आवाज थांबणार, आणि आवाज थांबला तर त्या उठणार. समोर भरधाव वाहनांचा रस्ता.

मी स्कूटर काढली. त्या पंधरा मिनिटांत मी गावातून गेले असं म्हणण्यापेक्षा काकांच्या आवाजातून गेले. सायकलच्या दुकानात आजरा गाडी लागत होती. पुढं रसवंतीगृहात तीच गाडी सुटायची होती. एका शिंपीदादांनी रेडिओ उचलून चक्क दाराबाहेर स्टुलावर ठेवला होता. पुढच्या वळणावर दोन-तीनशे पावलं कुठंच रेडिओ लागत नव्हता. तिथं मी स्कूटर आणखी पिळली.

काकू पायरीवरच होत्या. बारीक, स्वच्छ, केसांना तेल. एका पायात चप्पल नव्हती. पंक्चरवाला शेजारी बसला होता, सांगितल्याप्रमाणं, हात न लावता. मी जवळ बसले आणि म्हटलं, "काकू, साहेबांनी पाठवलंय मला. ड्युटी सुटायची वेळ झाली."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कंट्रोलर साहेबांनी?"

"व्हय."

"चला मग. भाकरी गार व्हायला लागलीया."

माझ्या मोबाईलवर रेडिओ लावून तो त्यांच्या हातात दिला. मागं बसून सबंध वाटेत त्या तो कानाशी धरून होत्या. डबा मांडीवर. त्या बसताना मी तो धरला होता, हलका लागला. आत काही नव्हतं.

आम्ही लायब्ररीपाशी उतरलो तेव्हा वर इरफाननं खिडकीतून बघितलं असावं. काकांचा आवाज थांबला आणि एक गाणं लागलं. काका जिना उतरून आले, एकेक पायरी, कठड्याला धरून. जवळ येऊन त्यांनी काकूंच्या हातातला डबा घ्यायला हात पुढं केला.

काकूंनी डबा मागं घेतला. "पावणं, हे साहेबांचं हाय," त्या म्हणाल्या. "साहेब कुठं हाईत?"

मी काकांकडं बघितलं. त्यांना हे नवीन नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. बसलेल्या घशानं ते म्हणाले, "येत्यात की. हिशेब द्याय लागल्यात. तवर च्या घिऊया का?"

काकूंनी विचार केला. "चालंल."

कँटीनच्या बाकावर दोघं समोरासमोर बसले. काकांनी चहा बशीत ओतून, फुंकून पुढं सारला. मी शेजारच्या टेबलाशी उगाच उभी होते. माफी कशी मागायची ते मला सुचत नव्हतं आणि ते माझ्याकडं बघतही नव्हते. काकू त्यांना साहेबांबद्दल सांगत होत्या. साहेबांची गाडी कधी चुकली नाही. साहेब कामाच्या वेळी कुणाशी बोलत नाहीत, खिडकीतनं नुसतं बघतात. स्वभावानं कडक, पण माणूस चांगला.

"असं म्हणता?" काका म्हणाले.

"व्हय की. लई चांगला."

"मग भेटाय पायजे एकदा," काका म्हणाले, आणि त्यांनी बशीत आणखी थोडा चहा ओतला.