महाराजांच्या पानावरची घरची कोथिंबीर

माणूस जगतो भाकरीवर, पण त्याचं नाव होतं ते भाकरीवर काय पसरलं होतं त्यामुळे. कीर्तनात हे फार पूर्वीपासून मान्य आहे. महाराज दोन तास अभंग सोडवतात आणि लोक घरी घेऊन जातात तो मधला सासू-सुनेचा विनोद. मी चाळीस वर्षं टाळ घेऊन पहिल्या रांगेत उभा आहे. मलाही विनोदच आठवतात, हे आधीच कबूल करतो.

भिंगारमध्ये आमच्या गल्लीत हे सत्य स्वयंपाकघरात आणण्याचं श्रेय आमच्या सूनबाई मोनिका यांना जातं. त्यांनी मोबाईलवर टॅको पाहिला. टॅको म्हणजे दुमडलेली मक्याची भाकरी. दुमडली की ती परदेशी होते. (सपाट ठेवली तर पाथर्डी तालुक्यात मोडते.) तिच्यावर पसरायचं साहित्य बाजारातून आणणं हे मागासलेपणाचं लक्षण असून ते घरच्या कुंडीत वाढवून, खुडल्यापासून दोन मिनिटांत पानावर पडलं पाहिजे, असा सध्याचा जागतिक दंडक आहे. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर तिसगावला लोक कोथिंबीर टेम्पोने भरतात. पण ती जमिनीत उगवते. जमिनीत काय, कोणीही उगवतं.

कुंडीची व्याख्या आम्ही उदार ठेवली: बुडाला भोक असेल ती कुंडी. त्यानुसार रंगाच्या सहा बादल्या, एक फुटका कूलर, नातू ओम बाळ असतानाचा त्याचा टब आणि माझं जुनं हेल्मेट गच्चीवर रुजू झालं. लागवड पुढीलप्रमाणे: बोराएवढा टोमॅटो, लेट्यूस (कोबी होता होता राहून गेलेलं पान), मुळा, कांद्याची पात, कोथिंबीर आणि हालापेन्यो नावाची परदेशी मिरची. ही मिरची आमच्या सौभाग्यवती मालनबाई यांनी चावून पाहिली आणि "हिला बरं न्हाई" असा अहवाल दिला.

या सगळ्याला मी उत्तेजन दिलं, त्यामागे कारण होतं. आमच्या मारुतीच्या देवळात दरवर्षी सप्ताह बसतो आणि कीर्तनकार महाराजांचं जेवण रोज एका घरी असतं. यादीप्रमाणे आमचा नंबर अकरा वर्षांनी लागला होता. पुढचा अकरा वर्षांनी. माझं वय सदुसष्ट. तेव्हा हिशेब तुम्हीच करा, मी करत नाही. आदिनाथ महाराज तिसगावकर माझ्या घरच्या पाटावर बसणार, आणि ते तृप्त होऊन उठले पाहिजेत, एवढी एकच इच्छा घेऊन मी रोज चौदा तांबे पाणी गच्चीवर नेत होतो. महाराज माळकरी, कांदा-लसूण वर्ज्य. म्हणून कांद्याच्या पातीची बादली त्या आठवड्यापुरती पाण्याच्या टाकीमागे लपवली. तिला वाईट वाटू नये म्हणून टोमॅटोची एक बादली सोबतीला दिली.

एकशे तीन दिवसांत उत्पन्न उत्तम आलं. अडचण वाटपात आली. पहिलं फळ देवाला, म्हणून पहिला टोमॅटो मारुतीला गेला. दुसरा माहेरवाशिणीला, म्हणून लेकीकडे पुणतांब्याला एसटीने गेला. (तिकडून निरोप आला की पिशवीत काहीच नाही. होतं, कोपऱ्यात होतं.) तिसरा शेजारधर्म म्हणून समोरच्या विजयमालाबाईंना. चौथा लागलाच नाही.

लेट्यूसचं प्रकरण अधिक पवित्र झालं. घरात नवीन झाड आलं की मालनबाई त्याला हळदकुंकू लावतात. लेट्यूसलाही लावलं. ज्याला हळदकुंकू लावलं त्याला विळी लावता येत नाही. पुढं शेजारणी येऊ लागल्या, कोणीतरी उदबत्ती खोचली, आणि गुरुवारी लेट्यूसच्या कूलरला प्रदक्षिणा सुरू झाल्या. मुळा जमिनीखाली असल्यामुळे मोठा झाला की नाही हे उपटल्याशिवाय कळेना, आणि मोठा झाल्याशिवाय उपटायचा नव्हता. अशा रीतीने महाराजांच्या जेवणाची सगळी भिस्त हेल्मेटमधल्या कोथिंबिरीवर आली.

महाराज साडेसहाला आले. सातला कीर्तन उभं राहायचं होतं. पाट मांडला, रांगोळी काढली, पानात चार टॅको वाढले. मोनिकाने कात्री घेतली आणि दोन मिनिटांच्या दंडकानुसार गच्चीचा जिना गाठला. तिथं मालनबाई निरांजन घेऊन उभ्या होत्या.

"कुठं निघालीस?"

"कोथिंबीर खुडायला, आई."

"दिवेलागण झाली. झाडं झोपली."

"आई, नुसत्या चार काड्या."

"झोपलेल्या लेकराचे नुसते चार केस उपटशील का?"

मी मनातल्या मनात सगळे ग्रंथ चाळून घेतले. मोनिकाने बल्ब लावून पाहिला. मालनबाई म्हणाल्या, "बल्ब लावल्यावर कोंबडा आरवतो व्हय?" मी टाळी वाजवून हेल्मेटला हळूच जागं करण्याचा प्रस्ताव मांडला. तो अजून विचाराधीन आहे.

खाली महाराजांनी जेवणाआधीचा श्लोक म्हटला. थोडं थांबून पुन्हा म्हटला. समोरच्या गॅलरीतून विजयमालाबाईंनी सहज चौकशी केली, "मालनताई, महाराज उपाशी बसलेत का? आमच्याकडं पिठलं हाय तयार." (यादीत पुढचा नंबर त्यांचा होता.) मोनिका जिन्यावर बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एकशे तीन दिवस पोरीने त्या हेल्मेटला अंगाई सोडून सगळं म्हटलं होतं. सदुसष्ट अधिक अकरा मला दिसू लागले.

तेवढ्यात गल्लीतून लालमहंमदभाईंचा भाजीचा गाडा घरी परत निघाला. मालनबाई वरूनच म्हणाल्या, "भाई, कोथिंबीर हाय?"

"शेवटची जुडी हाय, वहिनी. घेऊन टाका."

"कवा कापली?"

"सकाळी. तिसगावची हाय."

"उन्हं आल्यावर का आधी?"

लालमहंमदभाई तीस वर्षं आमच्या गल्लीत भाजी विकतात. त्यांनी निरांजन पाहिलं, कात्री पाहिली, मोनिकाचा चेहरा पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, "चांगली उन्हं आल्यावर. पूर्ण जागी हुती."

कोथिंबीर निवडली, चिरली, पसरली. दोन मिनिटांत. महाराजांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा. घरच्या कोथिंबिरीची चवच निराळी. बाजारात ही मिळायची नाही."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. लालमहंमदभाई दारात होते, त्यांनीही मान डोलावली. महाराजांनी चारही संपवले, ढेकर दिली, आणि पुढच्या वर्षी यादी असो नसो, पहिलं पान याच घरी, असं सांगून उठले.

कीर्तनात त्यांनी अर्धा तास हाच दृष्टांत चालवला. हाताने लावलेलं, हाताने जपलेलं, त्याला जी गोडी येते ती विकतच्याला कशी येईल. तीनशे माणसं हलली. विजयमालाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी उठून खरं सांगायला हवं होतं, पण मी टाळ वाजवत होतो, आणि टाळकऱ्याने मध्ये बोलायचं नसतं. दुसऱ्या दिवशी गल्लीत एकेचाळीस घरांनी बादल्यांना भोकं पाडली. बियांसाठी लोक मोनिकाकडे येऊ लागले. हेल्मेटचीही चौकशी झाली.

त्याच सकाळी मालनबाईंनी ओट्यावरचं झाकलेलं पातेलं उघडलं. आत मटकीची उसळ होती. काठोकाठ, एक चमचासुद्धा न काढलेली. टॅकोमध्ये भरायची ती. कोथिंबिरीच्या गडबडीत घालायचीच राहिली. महाराज चार कोऱ्या भाकऱ्या तृप्त होऊन जेवले आणि त्यांच्या लक्षात आलं नाही. मोनिकाच्या नाही, माझ्या नाही, तीनशे श्रोत्यांतल्या एकाच्याही नाही.

आणि वाचकहो, इतका वेळ तुम्हीही पानाशेजारी बसून होता. टोमॅटो कुठं गेला हे तुम्हाला ठाऊक आहे, मिरची आजारी होती हे ठाऊक आहे. भाकरीच्या आत काय आहे, हे विचारलंत का?