दिपमालाची कादंबरी आणि गावाचे दोन शब्द

"आपण मनावर घेतलं तर पुस्तक छापून येणार नाही म्हणजे काय!" अशी गर्जना करून सोनगीरच्या प्रेमराजने मोबाइल हातात घेतला, आणि घोळाला तिथूनच सुरुवात झाली.

प्रकरण बायकोच्या कादंबरीचं. कापूस वेचून, भाकरी थापून उरलेल्या वेळात दिपमालाने ती लिहिली होती. धुळ्याचे प्रकाशक हितेंद्रभाऊ म्हणाले, "वहिनी, छान आहे. पण हल्ली आम्ही कुठे ठरवतो? फेसबुकवरचा वाचकांचा गट ठरवतो! गट म्हणाला भुतं, की आम्ही भुतं छापतो. गटाला तुमचं नाव काढू द्या, लगेच छापतो." तेव्हापासून बाईचं कशात लक्ष लागेना.

प्रेमराजने कादंबरी वाचली नव्हती, पण बायकोचा उतरलेला चेहरा त्याला बघवेना. त्याने पहिलं प्रकरण गटावर टाकलं. वर दिपमालाचा फोटो, भोवती झेंडूच्या फुलांची झकास चौकट! मग गावाच्या व्हॉट्सॲपवर त्याची लिंक टाकून सगळ्यांना हुकूम सोडला, "बठ्ठा जण दोन शब्द लिखा!" आणि गडी कापूस विकायला जिनिंग मिलवर गेला.

आता फुलांच्या चौकटीत माणूस दिसला की गाव वाचत बसतं होय? भिकन आबांनी लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली." झालं! त्यांच्यामागे अख्खं गाव हात जोडून उभं! शेजारच्या वनाने तर लिहिलं, "फार मायाळू बाई होती." सकाळीच तिच्या हातचा चहा पिऊन गेलेला हा वना!

गटावरचे वाचक हळहळले. हळहळीपोटी प्रकरण वाचलं आणि त्यातल्या गोजरी नावाच्या पोरीवर जीव लावून बसले. "गोजरीचं पुढे काय झालं? कादंबरी आलीच पाहिजे!"

जिनिंगच्या रांगेत अडकलेला प्रेमराज तिसऱ्या दिवशी घरी पोचला, बंद पडलेला मोबाइल चार्जिंगला लावला, तोच हितेंद्रभाऊंचा फोन.

"भाऊ, फार वाईट झालं. वहिनींची कादंबरी काढतोय. मुखपृष्ठ छापूनही आलं. 'दिवंगत दिपमाला' असं मोठ्या अक्षरात."

"दिवंगत? अहो, ती समोर भाकरी थापतेय!"

पलीकडे हितेंद्रभाऊंनी आधी दार लावून घेतलं. मग हळूच, "भाऊ, पहिली आवृत्ती खपेपर्यंत हे कुठे बोलू नका ना."

प्रेमराजचा आवाज फाटला. "फाडा ते! मनी बायको जित्ती शे! आम्हले पुस्तक नही जोयजे!" आणि एवढा दांडगा गडी ढसाढसा रडायला लागला.

दिपमालाने पिठाचे हात पुसून फोन घेतला. तिचेही डोळे भरले होते. "हितेंद्रभाऊ, मी जिवंत आहे हे मीच गटावर सांगते. मग नाही मागितलं कुणी, तर नका छापू."

तिने लिहिलं. दोघं मोबाइलवर नजर लावून बसली. पहिलं उत्तर आलं, "बरं झालं बाई! गोजरीचं लग्न अर्धवट टाकून कुठे निघाला होतात?" मग मागण्यांचा पूरच आला.

कादंबरी निघाली. पण छापलेलं मुखपृष्ठ फुकट घालवतील ते हितेंद्रभाऊ कसले! 'दिवंगत'वर चिकटवायला त्यांनी 'हयात' अशा चिठ्ठ्या काढल्या. त्या चिकटवायला प्रेमराज स्वतः धुळ्याला जाऊन बसला. एकेक चिठ्ठी अंगठ्याने दाबतो, पुन्हा दाबतो, आणि एखादीचा कोपरा जरा उचलला गेला की आधी बायकोला फोन लावतो!