नमुन्याची दवंडी

शब्द शिकवावा तर मीच! आणे गावच्या शाळेत माझी नऊ वर्षं झाली, पण फळ्यावर अर्थ लिहून मी मोकळा झालो असं कधी झालं नाही. शब्द करून दाखवायचा. पाचवीला ‘दवंडी’ आला. हलगी वाजवून गावाला वर्दी देणं, हा अर्थ. आणि घरातली गोष्ट चावडीवर नेणाऱ्याला ‘दवंडी पिटू नको’ म्हणतात, तो रोजचा वापर. हा वापर पोरांना आयांकडून पाठ होता. खरी दवंडी मात्र त्यांनी ऐकलेली नव्हती, हल्ली सगळं मोबाईलवरच येतं.

ग्रामपंचायतीचे शिपाई गेणभाऊ यांच्याकडे जुनी हलगी होती. त्यांना बोलावलं आणि नमुन्याचं वाक्य दिलं: उद्या सकाळी आठला पाण्याचे दोन टँकर येतील. गेणभाऊंनी हलगी जाळावर शेकली, एक थाप मारून बघितली.

“गुरुजी, एका जागी उभं राहून दवंडी व्हत न्हाई. चार चौकांत फिरावं लागतं.”

पटलं. अस्सल ते अस्सल! पुढे गेणभाऊ, मधे मी, मागे पोरांची रांग. हा धडा चाललाय हे गावाला दिसेलच, असं मी धरून चाललो.

गावाला फक्त टँकर ऐकू आला. एप्रिलचे दिवस, पठारावर पाणी चार दिवसांनी येतं. शाळा सुटेपर्यंत शाळेसमोरच्या धोंडाबाईंनी राखून ठेवलेल्या पाण्यात सगळ्या गोधड्या बुडवल्या होत्या. शेजारी म्हशीची आंघोळ चालली होती. टँकर परवाशिवाय नाही, पाणी जपा, असं मी दारोदार सांगत पळालो. कुणी बादली खाली ठेवेना. धोंडाबाई म्हणाल्या, तुम्हाला शाळेतलं कळतं, पाण्याचं गेणभाऊला.

मग गेणभाऊंचेच पाय धरले. दवंडी दवंडीनेच मोडते आणि चूक कोणाची ते नावानिशी सांगावं लागतं, असा त्यांचा नेम. पुन्हा चार चौक. पोरं आपणहून रांगेत आली.

“ऐका हो ऐका! उद्या टँकर न्हाई! सुदर्शन गुरुजींची चूक झाली व्हती!”

सगळ्या बादल्या जागच्या जागी थांबल्या.

घरी आलो तर आमच्याही गोधड्या दोरीवर, आणि पिंपाच्या तळाला तांब्याभर पाणी. मी कपाळाला हात लावला. “आरती, अगं, ते वाक्य सकाळी तुझ्यासमोरच घोकत होतो ना मी?”

“ऐकलं व्हतं की,” शेवटची गोधडी पिळत ती म्हणाली. “पन तुमी म्हणलात तवा इश्वास ठेवला न्हाई. हलगी वाजली तवा ठेवला.”